मधे दुभाष्या होता

योसा,

"काका, पप्पा गेली," लेआ फोनवर म्हणाली.

"कोण गेली?" मी विचारलं.

"पप्पा. माझी पप्पा, काका."

तुझ्या मरणाची बातमी मला अशी मिळाली, बाईमाणसाची मिळावी तशी. आधी मला तुझी बायको वाटली, मग लेआची कुणी मैत्रीण. मग पोरगी फोनवर हुंदके द्यायला लागली तेव्हा कळलं की गेली म्हणजे तू गेलास. इंग्लंडात सारा जन्म काढलास. स्टॅनमोरला बाग असलेलं घर घेतलंस, पोरीला दातांची डॉक्टर केलंस. पण बाप गेला म्हणायचं की गेली, एवढं तिला शिकवायला तुला सवड झाली नाही.

सकाळी फोन आणि दुपारी माती. मयत ठेवायचं नाही ही आपली रीत, तिला माझं काही म्हणणं नाही. पण मी राहतो मिल्टन कीन्सला, लेकाकडे. इथं रस्त्यांना चौक नाहीत, नुसती गोल चकरं. दान्येल आयटीत आहे, गाडीसुद्धा कॉम्प्युटरसारखी चालवतो.

"जरा दाब की," मी म्हटलं.

"बाबा, स्पीड लिमिट आहे."

"अरे, भाऊ मेलाय माझा."

"आय नो, बाबा. तरी लिमिट आहे."

पुढं मोटरवेवर सगळं तुंबलेलं. आम्ही पोचलो तेव्हा तुझ्यावर माती पडत होती. तुझ्या सिनेगॉगमधली माणसं काळ्या कोटांत उभी. एकानं फावडं मारायचं, मातीत रोवून बाजूला व्हायचं, दुसऱ्यानं ते उपटून घ्यायचं. हातातून हातात द्यायचं नाही, दुःख पुढच्याला देऊ नये म्हणून. मी कडेला जाऊन वाकलो. तुझ्या पेटीचा एक कोपरा तेवढा दिसत होता. पाइनचं लाकूड, पॉलिश नाही. मी सुतार माणूस, मला दुसरं काय दिसणार?

रब्बीनं शोकाची रीत म्हणून ब्लेडनं माझ्या कोटाला नाजूकशी चीर दिली. मी ती दोन्ही हातांनी पार खिशापर्यंत फाडली. दान्येल कानाशी म्हणाला, "बाबा, कोट."

बापानं माझं नाव रूबेन ठेवलं आणि तुझं योसेफ. भांडण तिथंच लावून दिलं. आपण बेने इस्राएल, कोकणातले यहुदी, गावाच्या तोंडी शनवार तेली. सगळा गाव शनिवारी राबायचा आणि आपल्या घाण्याचा बैल तेवढा सोडलेला असायचा. आकाशात तारे दिसेपर्यंत काम नाही, म्हणून बाप गोष्टी सांगायचा. अब्राहाम, इसहाक, याकोब आणि याकोबाची बारा पोरं. त्यातला थोरला रूबेन, आणि बापाचा लाडका योसेफ, ज्याला एकट्याला रंगीत झगा मिळाला. भावांचं पोट दुखलं. त्यांनी त्याला मारायचं ठरवलं तेव्हा रूबेन एकटा आडवा आला. मारू नका, खड्ड्यात टाका म्हणाला. त्याच्या मनात होतं, मागाहून येऊन पोराला गुपचूप वर काढू आणि बापाच्या हवाली करू. तो आला, आणि खड्डा रिकामा. भावांनी पोराला व्यापाऱ्यांना विकून टाकलेलं. रूबेन कपडे फाडतो आणि म्हणतो, पोरगा नाही, आता मी कुठं जाऊ?

इथं बाप थांबायचा आणि माझ्याकडे बघायचा. "थोरल्यानं उशीर करू नये," म्हणायचा. मी तेव्हा केवढासा होतो. माझा कसला उशीर झाला होता?

त्या रूबेनला खड्डा रिकामा मिळाला. मला भरलेला मिळाला.

तुलाही झगा मिळाला होता. मुंबईच्या हायस्कुलासाठी बापानं तुझ्या मापाचा निळा कोट शिवून आणला. माझ्या हातात बैलाचा कासरा होता तो तसाच राहिला. मग मी गोदीत सुतार झालो, तू साहेबाच्या देशात गेलास. त्याचं मला काही नाही. कुणीतरी शिकायला हवं होतं, तू शिकलास. माझं भांडण कोटाचं नव्हतंच कधी, आणि तुलाही ते ठाऊक होतं.

मी म्हातारपणी, बायको गेल्यावर, लेकाच्या आग्रहानं इकडे आलो. तू मला शुक्रवारी संध्याकाळी घरी बोलावलंस. मी नवा शर्ट घातला. दारात तू उभा, पांढरे केस, मागं तुझी सिनेगॉगची मंडळी. मी दोन्ही हात पुढं केले हातबोशीला. आपल्यात थोरल्यानं हात द्यायचे, धाकट्यानं ते आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे आणि मग आपलीच बोटं ओठाला लावायची. लहानपणी तू हे न सांगता करायचास. त्या दिवशी तू माझा उजवा हात तेवढा घेतलास आणि हलवलास. शेकहँड! डाव्या हाताचं काय करावं मला कळेना. तो मी खिशात घातला.

टेबलावर तो वेणी घातल्यासारखा पाव, तुम्ही त्याला हल्ला म्हणता, वर पांढरा रुमाल. आपल्या घरी शुक्रवारी चपाती असायची, हा पाव मी जन्मात पाहिला नव्हता. सगळे बसले. आणि तू माझ्याकडे न बघता लेआकडे बघून म्हणालास, "टेल माय ब्रदर ही इज मोस्ट वेलकम."

लेआ बिचारी माझ्याकडे वळली. "काका, पप्पा म्हणते, तुमची आनंद आहे. म्हणजे, तुम्ही आलं तर आम्हाला आनंद झाली."

गोष्टीत योसेफ मिसर देशाचा कारभारी होतो. दुष्काळ पडतो, भाऊ धान्य मागायला त्याच्या दारात येतात आणि त्याला ओळखत नाहीत. तो त्यांच्याशी परक्या भाषेत बोलतो, मधे दुभाष्या ठेवतो. भावांना वाटतं ह्याला आपलं बोलणं कळत नाही, आणि त्याला तर सगळं कळत असतं. आपल्याकडे उलटं झालं. तुला वाटलं मला कळत नाही. अरे, मी गोदीत गोऱ्या कप्तानांच्या शिव्या खाल्ल्यात. ब्रदर आणि वेलकम मला कळत नाही होय?

मी लेआला म्हटलं, "बापाला सांग, त्याचा शेंबूड मी माझ्या सदऱ्याला पुसायचो."

"शेंबूड मीन्स, काका?"

मी नाक धरून दाखवलं. सगळी मंडळी हसली. तूही हसलास, आणि पाणी आणतो म्हणून स्वयंपाकघरात गेलास. बराच वेळ आला नाहीस. आलास तेव्हा पाण्याचा जग विसरला होतास आणि तोंड ओलं होतं. गोष्टीतला योसेफ दुसऱ्या खोलीत जाऊन रडतो आणि तोंड धुऊन बाहेर येतो, ते मलाही पाठ आहे. पण तू ते माझ्यापुढं टाकू नकोस. मला तू लाजलास असं वाटलं, आणि मी तेच धरून बसलो आहे.

माझ्याशी मराठी बोलायची तुझी जागा एकच होती, तुझी गाडी. दोघंच असायचो, काचा वर. मला घ्यायला-सोडायला तू कधी चुकला नाहीस, हे मी नाकारत नाही. आणि डोळ्यांचंही नाकारत नाही. मोतीबिंदूसाठी तूच मला धरून डॉक्टरकडे नेलंस. ती गोरी डॉक्टरीण भराभरा बोलत होती आणि तू तिच्यासमोर, सगळ्या नर्सांसमोर, मोठ्यानं मराठीत सांगत होतास, "रूबेन, वर बघ. आता खाली बघ. घाबरू नकोस, मी आहे इथं." त्या दिवशी दुभाष्या तू होतास आणि तुला लाज वाटली नाही. पट्टी काढल्यावर मला पहिला दिसलास तो तू. किती म्हातारा झाला होतास! डोळे तू करून दिलेस, योसा. त्याच डोळ्यांनी मी तुझ्या पेटीचा कोपरा बघितला.

पण गाडी तुझ्या घरासमोर थांबली की मी विचारायचोच.

"योसेफानं निरोप का पाठवला नाही?"

"झालं सुरू! अरे, तो गुलाम होता, तुरुंगात होता. कसा पाठवणार?"

"तुरुंगात होता तोवर सोडला. मग कारभारी झाला ना? घोडे होते, रथ होते, चाकर होते. मिसर आणि कनान काय, लंडन आणि मुंबई आहे?"

"त्यात देवाची योजना होती, रूबेन."

"त्या योजनेत एवढं बसत नव्हतं? बाबा, मी जिवंत आहे. बास. तिकडे बाप, भावांनी बकऱ्याच्या रक्तात बुडवून आणलेला झगा कवटाळून म्हातारा झाला."

"पण शेवटी त्यानं भावांना क्षमा केली की नाही?"

"क्षमा कोण मागतंय? मी निरोपाचं विचारतोय."

मग तू रेडिओ लावायचास.

मी कुठल्या योसेफाचं विचारत होतो ते तुला पुरतं कळत होतं. पहिली काही वर्षं तू बापाला लिहिलंस, मग बंद. लग्न केलंस ते आम्हाला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. बाप खाडीच्या धक्क्यावर जाऊन बसायचा, जणू इंग्लंडची बोट रेवदंड्याच्या बाजूनं वळून आपल्या खाडीत शिरणार होती. लोकांना सांगायचा, "माझा योसेफ तिकडे कारभारी आहे, दुष्काळ पडला की बोलावील." हसत सांगायचा. शेवटी दिसेनासं झालं तरी पायरीवर पावलं वाजली की विचारायचा, "कोण, योसा?" आणि मला दर वेळी म्हणावं लागायचं, "नाही बाबा, मी रूबेन." याकोबाला निदान मरायच्या आधी योसेफ दिसला. आपल्या बापाला मी दिसत होतो, दिसत होतं तोवर.

गेल्या वल्हांडणाच्या सणाला मी तुझ्या टेबलावर बसून तासभर तुमचं मिसर देशातून सुटकेचं वाचन ऐकलं. परत निघताना गाडीत विचारलं. तू म्हणालास, "रूबेन, पुरे आता. ती गोष्ट आहे. गोष्टीत सगळं सांगत नाहीत."

मी दार उघडून उतरलो. "उत्तर असेल तेव्हा मिल्टन कीन्सला ये. तोवर ह्या घरात माझा पाय लागायचा नाही." दान्येलला बोलावलं आणि तो येईपर्यंत तुझ्या फाटकाशी थंडीत उभा राहिलो. तू दोनदा बाहेर आलास. मी मान फिरवली. बोललो ते बोललो. आजही मागं घेत नाही.

तू आला नाहीस. मला वाटलं, उत्तर नाही म्हणून येत नाहीस.

सुतकाला मी तुझ्या घरी बसलो. आरसे झाकलेले, बुटक्या खुर्च्या. तुझी बायको इथलीच, तिला मराठी ओ की ठो कळत नाही. ती माझ्यासमोर बसून हळू आवाजात काही सांगत होती आणि मधे पुन्हा लेआ.

"मम्मी म्हणते, सिक तर समरपासून होता. पोटात. पप्पाने स्ट्रिक्टली सांगितला, डोन्ट टेल माय ब्रदर. म्हणजे, भाऊला सांगू नको."

"कळलं मला," मी म्हटलं. "डोन्ट टेल माय ब्रदर. कळलं."

उन्हाळ्यापासून! स्टॅनमोरहून मिल्टन कीन्सला निरोप यायला उंटांचा तांडा लागत नाही, योसा. माझा फोन दान्येलच्या स्वयंपाकघरात भिंतीवर आहे, दिवसभर मी त्याच्या खालीच बसलेला असतो. बापाला केलंस तेच मला केलंस. मी तिथंच उठणार होतो. टोपी घेतलीसुद्धा होती.

तेवढ्यात लेआ माझ्या शेजारी येऊन जमिनीवर बसली. "काका, एक वर्ड विचारू? मराठीचा वर्ड."

"विचार."

"लास्टला पप्पाचा इंग्लिश गेला. ऑल गॉन. नर्स काय विचारते, तर पप्पा मराठीत बोलते. नर्स मला म्हणते, तू सांग काय बोलतो. आणि मला थोडाच येते, काका. मी फक्त हो हो केली." तिनं नाक पुसलं. "पण एक वर्ड परत परत. हाली दे. हाली दे. दे मला कळते, गिव्ह. आणि फ्रायडे होती. मला वाटला, पप्पाला हल्ला पाहिजे, शब्बाथची. मी एजवेअरला बेकरीत पळाली, गरम आणला. छोटा छोटा पीस करून तोंडात दिला. नाही खाल्ली. असं मान हलवते, आणि परत, हाली दे. मी परत दिला. लिप्सवर सगळे क्रम्ब्ज." तिनं माझ्याकडे बघितलं. "ती हल्लाच मागत होती ना? की दुसरा काही?"

मी टोपी खाली ठेवली.

खाडी आठवते? तेलाचा डबा पलीकडच्या गावी पोचवायचा आणि दिवस बुडताना परत यायचं. होडी नेमकी आपल्या बाजूला, आपण दोघं त्या तीरावर, होडीवाला तांडेल इकडे तंबाखू मळत बसलेला. तू हाका मारायचास, पण तुझा आवाज बारीक, चिमणीसारखा, अर्ध्या पाण्यात बुडायचा. मग तू माझा सदरा ओढायचास. "भाऊ, हाळी दे." मी तोंडाभोवती हात धरायचो आणि हाळी द्यायचो. पहिली पाण्यात पडते, दुसरी पोचते, असं आपण म्हणायचो. दुसरीला तांडेल उठायचा. तू खूश होऊन वाळूत बसायचास, जसं काही होडी येऊन लागलीच.

मोठा झालास तसा मला रूबेन म्हणायला लागलास. भाऊ त्या तीरावर राहिला.

तर इंग्रजीत तू सांगितलंस, भावाला कळवू नका. आणि इंग्रजी गळून पडल्यावर तू तिथं उभा होतास, दिवस बुडताना, आणि मी तुझ्या शेजारी होतो असं तुला वाटत होतं. तुला माझ्यासाठी निरोप पाठवायची गरजच नव्हती. तू माझा सदरा ओढत होतास. आणि मी इथं मिल्टन कीन्सला फोनच्या खाली बसलो होतो.

मला तुझा राग आला, योसा. जन्मभर तू आपल्या दोघांच्या मधे दुभाष्या ठेवलास, आणि त्या दुभाष्याला भाषा दिली नाहीस. मग तुझी जीभ अडली तेव्हा तुझ्यापाशी दुसरं कुणी नव्हतं, ती एकटीच होती. तू होडी मागितलीस, तिनं पाव दिला. पोरीची चूक नाही. ती धावत गेली, गरम घेऊन आली.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. डोळे तुझेच आहेत तिचे.

"काका? दुसरा होता?"

मी जन्मात खोटं बोललो नाही असं मी लोकांना सांगत आलोय. मी म्हटलं, "हल्लाच मागत होता. वेणीचा पाव. लहानपणापासून वेडा होता त्याचा. तू बरोबर दिलंस."

"खरं?"

"मी थोरला आहे त्याचा. मला ठाऊक नसेल?"

मी दोन्ही हात पुढं केले. हातबोशी तिला कुणी शिकवली आहे? तिनं माझे हातच ओढून तोंडाला लावले आणि रडली. मी तसेच राहू दिले.

आता महिना झाला. मी दान्येलला म्हटलं, चल, कब्रस्तानात जाऊ. दगड अजून बसलेला नाही, नुसती नावाची पाटी आणि खचलेली माती. मी घरून ठरवून आलो होतो की बापाचं तेवढं विचारायचं. विचारलं. मोठ्यानं विचारलं. इथं तुला लावायला रेडिओही नव्हता. त्या प्रश्नातून तू सुटलास असं समजू नकोस, ते तिथं बाप आणि तू बघून घ्या. तो विचारील, "कोण, योसा?" तेव्हा आधी तोंड धुऊन ये, आणि त्याच्याशी मराठीत बोल.

"झालं, बाबा?" दान्येल म्हणाला. "जायचं? पार्किंग फक्त—"

"थांब."

मी तोंडाभोवती हात धरले. आवाज आता तसा राहिलेला नाही, पण सुताराची छाती आहे.

"तांडेला ओऽऽऽ!"

पलीकडच्या ओळीत एक बाई कबरीवर खडा ठेवत होती, ती दचकून उभी राहिली. दान्येलनं माझी बाही धरली. "बाबा, प्लीज! लोक बघतायत. काय करताय?"

"गप्प," मी म्हटलं. "पहिली पाण्यात पडते."

आणि दुसरी दिली. मधे कुणी नव्हतं.